चड्ढा आंटींना बाल्कनीत दिसलेली आई

आधीच सांगून टाकते... या धाग्यावरचे अनुभव मी हसायला म्हणून वाचायचे. गुडगावला ऑफिसमधून खोलीवर परतताना, कॅबमध्ये. रिकाम्या बंगल्यातली बाई, घाटात गाडीला हात करणारा म्हातारा... वाचायचं, मैत्रिणीला फॉरवर्ड करायचं, दोघींनी मिळून खिदळायचं. त्यामुळे आज तुमच्यापैकी कुणी माझ्यावर हसलं तर माझी काही तक्रार नाही.

आम्ही मेश्राम. बाबा मूळचे नागपूरचे. तरुणपणी नोकरीसाठी दिल्लीत आले ते इथलेच झाले. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी ऑफिसातून रिटायर झाले. आई शाळेत गणित शिकवायची. आम्ही बौद्ध. घरात नवस नाही, उपास नाही, दृष्ट काढणं नाही. एकदा शेजाऱ्यांनी प्रेमाने आमच्याही दारावर लिंबू-मिरची टांगली, तर बाबांनी त्या मिरच्या सोडवून आणून पोह्यांत घातल्या. वरून लिंबू आईने पिळलं. अशा घरात मी वाढले. भुताखेताचं नाव काढलं तर पुरावा मागतील अशी माणसं.

तर जागा सांगते. पूर्व दिल्ली, आय. पी. एक्स्टेंशन. तिथल्या जुन्या सोसायट्यांपैकी एक. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, बाल्कनी आतल्या पार्ककडे. समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर चड्ढा आंटी राहतात. त्यांच्या किचनच्या खिडकीतून आमची बाल्कनी अगदी समोर, जराशी वर दिसते. आई आणि त्या रोज सकाळी अशाच बोलायच्या. ही वरून, ती खालून. आज भाजीवाल्याकडे मटार चांगले आहेत, पाणी आलं का, इतपत.

मग आईला छातीत गाठ लागली. तपासण्या, बायोप्सी, आणि महिन्याभरात ऑपरेशन. डावा स्तन काढावा लागला. त्यानंतर केमो. मी गुडगावची खोली बंद करून लॅपटॉप घेऊन घरी आले. ऑफिसने वर्क फ्रॉम होम दिलं, तेवढं नशीब.

ऑपरेशन होईपर्यंत बाबा सगळीकडे पुढे होते. फाईल त्यांच्या हातात, डॉक्टरांना प्रश्न विचारणार तेच. पण आई घरी आली आणि ते एकदम मिटले. "तुला नीट झोप मिळेल" म्हणून पलंग सोडून बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायला लागले. ड्रेसिंग बदलायची वेळ झाली की चप्पल घालून खाली. केमोला तर एकदाही आले नाहीत. "मला तो वास सहन होत नाही," म्हणाले. दिवसभर टीव्हीवर बातम्या. मी भांडले त्यांच्याशी, दोनतीनदा. ते ऐकून घ्यायचे आणि रिमोट उचलायचे.

आईची वेणी कमरेपर्यंत होती. या वयातही. केस पिकलेले, पण दाट. केमोच्या पहिल्या, लाल रंगाच्या औषधाच्या दुसऱ्या डोसनंतर ते मुठीमुठीने यायला लागले, तेव्हा तीच म्हणाली, "प्रज्ञा, फिरव मशीन." बाथरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून मी तिच्या डोक्यावरून ट्रिमर फिरवला. बाबा तेवढ्यात दूध आणायला गेले. दूध सकाळीच आलेलं होतं.

"त्यांना माझ्याकडे बघवत नाही," आई म्हणाली. आरशात बघत, अगदी साध्या आवाजात.

त्यानंतर ती बाल्कनीत जायची बंद झाली. सोसायटीत कुणाला सांगायचं नाही असं तिने बजावलं होतं. "बघायला येतात आणि बघतच बसतात." चड्ढा आंटींना आम्ही एवढंच सांगितलं होतं की छोटंसं ऑपरेशन झालंय, वीकनेस आहे. त्यांनी दोनदा खिचडी पाठवली, मी दारातूनच डबा घेतला. म्हणजे केस गेलेली आई चड्ढा आंटींनी पाहिलीच नव्हती. हे कृपया लक्षात ठेवा.

आता तो दिवस. फेब्रुवारी संपत आला होता. दिल्लीत तेव्हा ऊन किती छान असतं ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. हवा स्वच्छ, धुकं नाही की धूर नाही. लाल औषध संपून दुसरं सुरू झालं होतं, ते दर आठवड्याला. त्याने आईच्या बोटांना मुंग्या यायच्या. शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नव्हतं.

सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "ही आजची शेवटची. पुढच्या आठवड्यापासून मी जाणार नाही."

"आई, अजून बऱ्याच राहिल्यात. अशी मध्येच सोडली तर—"

"राहू देत." मग बाबांकडे वळून म्हणाली, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

बाबांनी पेपर खाली केला नाही. "तुझं शरीर आहे. निर्णय तुझा."

आई हसली. ते हसू मला अजून आठवतं. "शरीर! त्याच्याकडे एकदा बघितलंत तरी का?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बस. आम्ही निघालो. आईने नेहमीसारखं "येते" म्हटलं नाही. बाहेर लिफ्टची वाट बघत होतो तेव्हा आतून कडी लागल्याचा आवाज आला. बाबा एकटे असले की आतून कडी आणि वर साखळी, दोन्ही लावतात. चोऱ्यांच्या बातम्या फार बघतात ना.

हॉस्पिटल यमुनेच्या पलीकडे. नाव देत नाही. डे-केअर वॉर्डमध्ये ओळीने मागे रेलणाऱ्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाइनचा स्टँड आणि नातेवाइकासाठी एक स्टूल. आईला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. औषधाआधी अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून एक इंजेक्शन देतात, त्याने गाढ झोप येते. तिलाही आली. डोक्याला स्कार्फ, अंगावर घरची शाल. मी स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप, एका कानात इअरफोन. मी तिथून हलले नाही. पाणी प्यायलाही नाही. तेव्हा मीटिंग चालू होती, त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकते.

दुपारी बाराच्या आसपास आईचा श्वास बदलला. धाप लागल्यासारखा. कपाळावर घाम. मी घाबरून सिस्टरला बोलावलं. तिने बीपी बघितलं, बोटाला क्लिप लावली. म्हणाली, "पल्स थोड़ा फास्ट है, बाकी सब ठीक है. सपना देख रही होंगी आंटी." औषधाचा वेग जरा कमी केला आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिली. आई हलली नाही. फक्त तो श्वास... जिना चढताना होतो तसा.

ती शांत झाली. मी परत मीटिंगमध्ये गेले. थोड्या वेळाने फोन वाजला. चड्ढा आंटी.

"प्रज्ञा बेटा, घबराना नहीं. तेरे पापा की शुगर लो हो गई थी. अब ठीक हैं, मैंने ग्लूकोज़ पिला दिया है. होश में हैं, बात कर रहे हैं."

बाबा सकाळी इन्सुलिन घेतात. घेतलं होतं. आणि त्या भांडणानंतर नाश्ता केलाच नव्हता. उपमा तसाच झाकलेला होता, हे नंतर कळलं. पण त्या क्षणी मी एवढंच विचारलं, "आंटी, आपको पता कैसे चला?"

"अरे, भाभीजी ने आवाज़ लगाई ना, बालकनी से! अब पूरे घर में देख लिया, वो हैं कहां? मुझे बुलाकर खुद नीचे चली गईं क्या?"

मी आईकडे बघितलं. ती समोरच झोपलेली होती. तोंड किंचित उघडं, हाताला सुई.

"आंटी... कौन सी भाभीजी?"

"लो! तेरी मम्मी, और कौन? वही अपनी हिंदी में — 'चड्ढा जी, जल्दी आइए, इनको बरा नहीं लग रहा.' मैं गैस बंद करके भागी."

आई घाबरली की तिच्या हिंदीत मराठी घुसते. शाळेतली पोरं त्यावरून तिची नक्कल करायची. 'बरा नहीं लग रहा' हे दिल्लीत दुसरं कुणी बोलत असेल असं मला वाटत नाही.

आंटीच पुढे म्हणाल्या, "पर एक बात है, भाभीजी अब बिल्कुल ठीक लग रही हैं. चोटी-वोटी करके, पहले जैसी. मुझे तो बड़ा अच्छा लगा."

माझ्या मानेपासून पाठीत खाली काहीतरी थंड सरकलं. हे असं लिहितात ना लोक या धाग्यावर, ते वाचून मी हसायचे. पण खरंच सरकतं.

आईला मी उठवलं नाही. ती आपोआप जागी झाली, औषध संपत आलं तेव्हा. डोळे उघडून बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दमले गं. लिफ्ट बंद आहे आपली. चढून चढून जीव गेला."

"आई, आपण हॉस्पिटलमध्ये आहोत."

"हो का," म्हणाली, आणि शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी तिला काहीच सांगितलं नाही. बाबांचंही नाही.

टॅक्सी सोसायटीत शिरली तेव्हा अजून ऊन होतं. गार्डने पुढे येऊन सांगितलं, "मैडम, लिफ्ट बंद है. आप लोग निकले, उसके बाद मेंटेनेंस वाले आए. शाम तक चलेगी."

मी आईकडे बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

आणि खाली, जिन्याच्या पायरीवर, बाबा बसलेले होते. चड्ढा आंटी शेजारी उभ्या, त्यांना रागावत होत्या, की ऐकतच नाहीत, अशा अवस्थेत चार मजले उतरून आले. बाबांचा चेहरा पांढरा पडलेला. सदऱ्यावर साखरेचे कण तसेच. आईला बघून ते कठड्याला धरून उठले.

चड्ढा आंटींचं लक्ष आईच्या स्कार्फकडे गेलं. कपाळावरून तो मागे सरकलेला होता. आंटींचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, परत आईकडे. मग हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि निघून गेल्या.

बाबांनी आईचा दंड धरला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. "चल," म्हणाले, "हळूहळू जाऊ."

एक म्हातारा आणि एक म्हातारी, दोघंही थरथरत, प्रत्येक वळणावर थांबत चढत होती. मी मागे, पडली तर धरायला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आई टेकली, तेव्हा बाबा म्हणाले, "मघाशी आली होतीस ना, तेव्हाही अशीच धापा टाकत होतीस."

"मी? कुठे?"

"घरी."

"अहो, मी हॉस्पिटलमध्ये होते. ही होती ना माझ्याबरोबर."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. मग त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. त्यानंतरही मी त्यांना अनेकदा विचारलं आणि त्यांच्या सांगण्यात कधी फरक पडला नाही.

त्यांना घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. किचनपर्यंत जायला उठले आणि जेवणाच्या टेबलाशी खाली कोसळले. हात उचलत नव्हता. मग आई आली. कुठून आली ते दिसलं नाही. खाली बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि डब्यातली साखर चिमटीचिमटीने त्यांच्या तोंडात घालू लागली. "खाऊन घ्यायचं कळत नाही का? इतकी वर्षं झाली." वेणी तिच्या खांद्यावरून पुढे आली होती, त्यांच्या गालाला लागत होती.

बाबा म्हणाले, "मी तिला म्हटलं, तू जाऊ नकोस. तर मला म्हणते... मी कुठे जातेय? तुम्हीच दार लावून बसलाय."

मग ती उठली, साखळी काढली, कडी काढली, दार सताड उघडलं आणि बाल्कनीकडे गेली. त्यानंतरचं त्यांना आठवतं ते चड्ढा आंटींचं तोंड.

आई भिंतीला टेकून ऐकत होती. बाबा थांबले. मग भर जिन्यात, कुणी येईल-जाईल याची पर्वा न करता, त्यांनी तिचा स्कार्फ सरळ केला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवूनच उभे राहिले. "मला भीती वाटते गं," म्हणाले. "तुझ्याकडे बघितलं की वाटतं, ही जाणार. म्हणून बघत नव्हतो." आई तेव्हा रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

हे सगळं इथे संपलं असतं तर मी कुणाला सांगितलंही नसतं. पण मी बाबांचीच मुलगी. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. आमच्या बिल्डिंगमध्ये चड्ढा आंटी घाईघाईने शिरताना दिसतात. त्याआधी दोन लिफ्टवाले आणि एक कुरिअरवाला. आई नाही. आईसारखी कुणी नाही. आमची कामवाली त्या दिवशी सुट्टीवर होती, तिच्या गावी. शेजारचा फ्लॅट कित्येक महिने रिकामा.

चड्ढा आंटींच्या किचनमध्ये उभी राहून मी आमच्या बाल्कनीकडे बघितलं. बाबांना तिथे उभं केलं होतं. त्यांच्या चष्म्याची काडीसुद्धा दिसत होती. आंटी म्हणाल्या, "मैं कसम नहीं खाती, बेटा. जो देखा वो बोल दिया. पर अब मुझसे मत पूछ, रात को नींद नहीं आती."

तुम्ही म्हणाल, शुगर इतकी खाली गेली की माणसाला भास होतात. होतात. मी वाचलंय. म्हणाल, आंटींनी दुसऱ्या कुणाला तरी पाहिलं. असेल. म्हणाल, लिफ्ट बंद राहणार असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला असेल आणि आईच्या कानावर पडला असेल. मेसेज आला होता, पण आम्ही निघाल्यानंतर. तो ग्रुप माझ्या फोनवर म्यूट आहे आणि आईचा फोन बंद करून माझ्याच पर्समध्ये होता. एकेका गोष्टीचं उत्तर कसंबसं देता येतं. कडी आणि साखळीचं देता येत नाही. बाबांचा हात उचलत नव्हता, आणि आंटी आल्या तेव्हा दार उघडं होतं.

पुढची सगळी केमो आईने पूर्ण केली. दर वेळी बाबा बरोबर. स्टुलावर तेच बसायचे, मी बाहेर. मग रेडिएशन झालं. आता रोज एक गोळी आणि ठरावीक महिन्यांनी तपासणी. केस परत आलेत. आखूड आणि कुरळे, आधी कधीच नव्हते तसे. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, आणि आम्ही दर तपासणीच्या आदल्या दिवशी जेवत नाही नीट. तेही ठीकच म्हणायचं.

पण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले.

मला वाटलं होतं, या सगळ्याने आईला बरं वाटेल. बाबांचा जीव वाचला, तिनेच वाचवला, कसाही का असेना. तिला बरं वाटलं नाही. ती घाबरली. उरलेल्या केमोंमध्ये ती त्या इंजेक्शनशी झगडायची. डोळे ताणून उघडे ठेवायची. बाबांना सांगायची, मला बोलतं ठेवा. सिस्टर म्हणायची, "आंटी, सो जाइए ना, आराम मिलेगा." आई मान हलवायची, नाही.

एकदा दुपारी, बाबा आत झोपलेले असताना, मी तिला विचारलं. तुला नक्की कसली भीती वाटते? तू तर चांगलंच केलंस ना?

ती मटार सोलत होती. आता तिच्या बोटांत पुष्कळ जोर आलाय. शेंगा बाजूला ठेवून तिने गणिताच्या बाईंसारखं माझ्याकडे बघितलं. समोरच्याला सोपी पायरी कळत नाहीये, अशा नजरेने.

"मी इथे होते," ती म्हणाली. "मग त्या खुर्चीत तू कुणाजवळ बसली होतीस?"

तेव्हापासून आई दुपारी झोपली की मी लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ जाऊन बसते आणि एका हाताने तिचं मनगट धरून ठेवते. ती कुठे जाऊ नये म्हणून धरते, की ती इथेच आहे ना हे बघायला... ते मला सांगता येणार नाही.